खिडकीच्या हद्दीतली शाळा

या, असे जवळ सरका. मागे भिंतीला टेकून बसलेले थोडे पुढे या आणि पुढच्यांनी मांडी आवरून घ्या, म्हणजे सगळे मावतील. आजच्या कथेत राजा नाही, राक्षस नाही, शाप नाही आणि वरदानही नाही. एक घर आहे, त्याला दोन दारं आहेत आणि त्या दोन दारांच्या मधे एक म्हातारा दुपारचा झोपलेला आहे. त्याची झोप राहते की जाते, एवढीच काय ती कथा. पण छोट्या गोष्टीला नाक मुरडू नका. भगवंताला छोट्या गोष्टींची भारी हौस. नाहीतर एवढ्याशा मुंगीला त्याने सहा पाय कशाला दिले असते? दोनांवर भागलं नसतं का तिचं?

तर त्या घराचे कर्ते पुरुष म्हणजे आपले चष्मेवाले. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं चष्म्याचं दुकान. गिऱ्हाइकाला उंच खुर्चीवर बसवायचं, डोळ्यापुढे एक भिंग सरकवायचं, मग दुसरं, आणि विचारायचं, "हे बरं, का हे बरं?" हा एकच प्रश्न जन्मभर विचारून त्यांना अशी काही खोड जडली होती, की घरी भाजी चिरायला बसले तरी दोन सुऱ्या पुढे धरून बायकोला म्हणत, "ही बरी, का ही बरी?" बायको रुग्णालयात चौकशीच्या खिडकीवर बसे. लोक दिवसभर तिला विचारत आणि ती दिवसभर सांगत असे: डावीकडे वळा, जिना चढा, डॉक्टर आज नाहीत. म्हणजे नवरा दिवसभर प्रश्न विचारून थकलेला आणि बायको दिवसभर उत्तरं देऊन. संध्याकाळी ह्यांनी तोंड उघडलं की ती म्हणे, "खिडकी बंद झाली. उद्या या."

या जोडप्याला एक मुलगी. एका जागी ठरत नाही म्हणून तिला सगळे भिंगरीच म्हणत. आणि चौथे होते आबा, बायकोचे वडील.

आबांची ओळख नीट करून घ्या, कारण कथेचा जीव त्यांच्यात आहे. आबा एका मोठ्या गोदामावर रात्रीचे पहारेकरी होते. उभ्या आयुष्यात पहाऱ्यावर त्यांची पापणी लवली नाही, आणि हे ते स्वतः दर जेवणाला सांगत. रात्रभर जागायचं आणि दुपारी झोपायचं, हा नेम नोकरी सुटली तरी सुटला नाही. पण त्या झोपेला एक अट होती. खोलीत आबा एकटे असले, की ते आपोआप ड्यूटीवर जात. पाठ टेकलेली, पण डोळे छताला आणि कान कडीला. खोलीत दुसरं कुणी असलं, काहीतरी खुडबुड करत असलं, की मगच त्यांना वाटे, आता दुसऱ्याची पाळी सुरू झाली, आपण सुटलो. आजी होत्या तोवर त्या दुपारच्या शेजारी बसून बटणांचा पत्र्याचा डबा उघडत आणि बटणं निवडत. चुळबुळ चुळबुळ असा तो आवाज आला, की आबा घोरायला लागत. आजी गेल्या. त्यानंतर कित्येक महिने आबांना झोप नव्हती. मग भिंगरी बसायला लागली, रांगायला लागली आणि एका दुपारी तिने तो डबा जमिनीवर पालथा केला. आबा तिथल्या तिथे झोपले. तेव्हापासून दुपार म्हणजे आबा, भिंगरी आणि डबा.

आता भिंगरी मोठ्या बालवर्गात जायच्या वयाची झाली, आणि इथे घोडं अडलं.

जवळपास माहितीतल्या शाळा दोन. पुलाकडची शाळा नवी, काचेची. तिथला बालवर्ग पूर्ण दिवसाचा. टेकडीवरची शाळा जुनी, विटांची. तिथला बालवर्ग दुपारी जेवणाच्या आत घरी सोडणारा. चष्मेवाल्यांच्या मनात पुलाकडची भरली. का? तर त्यांना वाटे, सासरे थकले, त्यांच्या गळ्यात रोज दुपारी पोर बांधायची हे जावयाला शोभत नाही. पोर दिवसभर शाळेत गेली की आबा निवांत झोपतील! ऐका मंडळी, माणसाचं मन किती चांगलं असावं आणि नजर किती अधू असावी. आणि हा गृहस्थ दुसऱ्यांचे नंबर काढायचा.

आबांनी खरं सांगून टाकायचं की नाही? पण आबांना वाटे, जावयाच्या घरात राहतो, वर आणखी आपल्या झोपेसाठी नातीची शाळा अडवायची? म्हणून ते सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हणत, "घाला की दिवसभर! आमच्या वेळी असत्या अशा शाळा, तर मीही दिवसभर गेलो असतो."

बायकोला सगळं कळत होतं. पण आपण बोललो तर 'माहेरची बाजू घेते' असं होईल, म्हणून ती आबांचं नावच घेत नव्हती. ती नुसती म्हणे, "टेकडीवरच्या शाळेत झाडं आहेत."

"झाडं बघायला शाळेत कशाला घालायचं?" चष्मेवाले म्हणत.

"मग काचा बघायला घालायचं का? काचा तुमच्या दुकानात आहेत."

"अगं, मी सरळ विचारतोय. पूर्ण दिवस बरा, का अर्धा दिवस बरा?"

"खिडकी बंद झाली."

शेजारी राहायचे शिंपीदादा. भिंत सामाईक, म्हणून भांडणही सामाईक. ते गळ्यात टेप घालूनच आत आले. "माझं ऐका, मूल म्हणजे कापड. लवकर कातरायला घेतलं तर अंगाला बसतं. पूर्ण दिवस घाला." वरच्या मजल्यावरच्या वहिनी गच्चीतून वाकल्या. वहिनींना खालचं सगळं ऐकू यायचं. खालच्यांनी वर बघायची पद्धत नव्हती, एवढंच. "अहो, माझ्या भाच्याला पूर्ण दिवस घातलं होतं," त्या म्हणाल्या. "आता तो घरी आला की बूट काढायच्या आधी हात वर करतो. पाणी प्यायलासुद्धा परवानगी मागतो!"

"हे चांगलं का वाईट?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"ते मला कुठे ठाऊक? मी फक्त सांगितलं."

शेवटी दोन्ही शाळा डोळ्यांनी बघायचं ठरलं. पुलाकडच्या शाळेत एका हसतमुख बाईंनी त्यांना फिरवलं. जेवणाची खोली, खेळाची खोली, हात धुवायची खोली, आणि मग मोठ्या अभिमानाने विश्रांतीची खोली. छोट्या छोट्या गाद्यांवर मुलं ओळीने पडली होती, आणि एकूणएक मुलाचे डोळे टक्क उघडे होते.

"झोपत नाहीत का?" बायकोने हळूच विचारलं.

"झोपेचा तास वेळापत्रकात आहे," बाई म्हणाल्या, आणि पुढच्या खोलीकडे वळल्या.

चष्मेवाले तेवढ्यात वर्गाच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसले आणि एक डोळा हाताने झाकून फळा वाचू लागले. मग त्यांनी बाईंना सांगितलं, की इथून निम्मी मुलं फळा बघत नाहीत, अंदाज करतात. बाईंचं हसू होतं तिथेच राहिलं, पण डोळ्यांतून उतरलं. "पालकांनी बाकावर बसायचं नसतं," त्या म्हणाल्या.

टेकडीवर तर त्याहून बहार. मुख्याध्यापिका दारातच उभ्या होत्या. चष्मेवाल्यांना बघताच त्यांनी स्वतःचा चष्मा काढून हातात घेतला आणि म्हणाल्या, "म्हणजे ते तुम्ही होय! या चष्म्यातून मला पायरी दिसते तिथे नसते आणि असते तिथे दिसत नाही. शाळेत वर्षभर मी कठड्याला धरून फिरतेय."

"नवीन नंबर अंगवळणी पडायला थोडा वेळ लागतो, मॅडम."

"पायरीवरून पडायला लागत नाही."

सगळ्या विद्यार्थ्यांसमक्ष! चष्मेवाल्यांनी मान ताठ ठेवून शाळा पाहिली, पण झाडं काही पाहिली नाहीत. घरी आल्यावर आरशासमोर बराच वेळ उभे राहिले. कारागिराचा अपमान पोटात जातो हो, तो अन्नासारखा पचत नाही.

इथवर नुसती चर्चा होती. खरी गंमत पुढे, कारण अर्ज द्यायला शाळाखात्याच्या कचेरीत गेले तेव्हा तिथल्या साहेबांनी भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली आणि जिभेने च्यक् केलं.

"तुमची भानगड आहे," साहेब म्हणाले. "पुलाकडच्या शाळेची आणि टेकडीच्या शाळेची हद्द तुमच्या घरातून जाते."

"घरातून कुठून?"

"नकाशावर पेन्सिलीची रेघ आहे. रेघेला जाडी असते. तुमचं घर जाडीत आहे."

चष्मेवाले वाकून बघू लागले. खरंच, त्यांचं आयुष्य, संसार, सासरे, सगळं त्या रेघेत बसलं होतं आणि वर थोडी जागा उरली होती.

"मग आम्ही कुठल्या शाळेचे?"

"ज्या दाराने तुम्ही बाहेर पडता, त्या बाजूचे. पुढचं दार पुलाच्या रस्त्यावर आहे, मागचं टेकडीच्या गल्लीत. कुठलं वापरता?"

"दोन्ही."

"दोन्ही असं उत्तर नसतं. चपला कुठल्या दाराशी असतात?"

चष्मेवाल्यांनी आठवून बघितलं. एक चप्पल पुढच्या दाराशी असते आणि दुसरी शोधावी लागते, हे काही सांगायची सोय नव्हती. "बघून सांगतो," ते म्हणाले.

"तुम्ही नका सांगू, मीच येऊन बघतो. या आठवड्यात कधीही येईन. सांगून आलो तर लोक दारं सजवून ठेवतात."

झालं! त्या दिवसापासून घरात दारांचं युद्ध सुरू झालं. चष्मेवाले सकाळी सगळ्यांच्या चपला गोळा करून पुढच्या दाराशी मांडत. बायको त्या उचलून मागच्या दाराशी नेई. ते दुकानात जाताना पुढच्या दाराने दोनदा बाहेर पडत, एकदा जायला आणि एकदा दाखवायला. ती कचरा टाकायला, दूध घ्यायला, अगदी पुढच्या रस्त्यावर जायचं असलं तरी मागच्या दाराने निघे आणि अख्ख्या इमारतीला वळसा घाली. आबा मधल्या खोलीत बसून चपलांची ही ये-जा बघत. कुणी त्यांच्याकडे बघितलं, की ते चटकन म्हणत, "मला काय, मी कुठूनही जातो."

"मागचं दारच बंद करून टाका," शिंपीदादांनी सल्ला दिला. "ते मोठं कपाट सरकवा त्याच्यासमोर. दार दिसलं नाही तर दार नाही." आणि बायको कामावर गेलेली पाहून दोघांनी कपाट हलवायला घेतलं. शिंपीदादांनी टेपने कपाट मोजलं, दाराची चौकट मोजली, स्वयंपाकाचा ओटा मोजला आणि म्हणाले, "बरोब्बर बसतंय. एक बोट ढिलं ठेवलंय मी." आता सांगतो, काय झालं ते. कपाट ओटा आणि चौकट यांच्यामधे गेलं, आणि गेलं ते गेलंच. एक बोट ढिलं सोडायची सवय कोटाला बरी. कपाट काही श्वास आत घेत नाही. दोघांनी ढकललं, ओढलं, खाली बसून पायांनी रेटलं. शेवटी शिंपीदादा घाम पुसत म्हणाले, "उसवूनच काढावं लागेल."

संध्याकाळी बायको मागच्या गल्लीत उभी राहून बराच वेळ दार ढकलत होती. वरून वहिनी म्हणाल्या, "नका ढकलू, आत कपाट आहे. मी दुपारी सगळं ऐकलंय." बायको वळसा घालून पुढच्या दाराने आत आली. कपाटाला पाठ टेकून भाजी निवडायला बसली. चष्मेवाल्यांना वाटलं होतं, जिंकल्यावर बरं वाटेल. तसं काही वाटेना.

दुसऱ्या दिवशी ते दुपारी दुकान बंद करून घरी आले. पुढचं दार करकरत होतं. साहेब आले आणि दार करकरलं, तर ते म्हणणार, हे वापरातलं दार नाही. म्हणून चष्म्याच्या दांड्या पिळायचा बारीक स्क्रू-ड्रायव्हर काढून ते कुलपाला भिडले. मंडळी, ज्याने जन्मभर नाकावर बसणाऱ्या वस्तू दुरुस्त केल्या, त्याने दारावर बसणाऱ्या वस्तूला हात लावू नये. कुलूप उघडलं, पुसलं, तेल दिलं. एक स्क्रू कुठे गेला तो सापडेना, म्हणून खिशातला चष्म्याचाच एक बसवला. दार ओढून लावलं. किल्ली फिरवली. किल्ली आनंदाने फिरली आणि फिरतच राहिली, दार मात्र हललं नाही. मग आतून ठोकाठोकी सुरू झाली.

मधल्या खोलीत आबांची दुपार चालू होती. ठोक्यांनी जाग येईल अशी भीती नव्हती. उलट घरात कुणीतरी काहीतरी करतंय हे कळून आबा आणखी गाढ झोपले.

"जेवणाची सुट्टी संपली, मला कामावर जायचंय," बायको पर्स घेऊन उभी राहिली.

"जरा थांब."

"मागचं दार कपाटाने बंद, पुढचं तुम्ही बंद. आता मी कुठून जाऊ? विचारा ना, हे बरं का हे बरं?"

नेमकी त्याच वेळी बाहेरून टकटक झाली. "शाळाखात्यातून आलोय. दार बघायचंय."

"बघा ना," चष्मेवाले आतून म्हणाले. "छान आहे."

"उघडा."

"तेवढं सोडून काहीही सांगा, साहेब."

"मग मी मागून येतो."

"मागे कपाट आहे," आतून चष्मेवाले आणि वरून वहिनी एकदमच म्हणाल्या.

बाहेर कागद खसखसला. मग साहेबांचा आवाज आला, "घराला तिसरी काही वाट?"

तिसऱ्या बाजूला मधल्या खोलीची खिडकी होती. बुटकी, बिनगजांची, आणि बाहेर चहूबाजूंनी भिंतींनी बंद असलेलं एक अंगण. साहेब शिंपीदादांच्या घरातून त्या अंगणात आले. इकडून नवरा-बायको पाय न वाजवता खिडकीशी गेले. साहेब खिडकीखाली बघत होते. तिथे दोन पाट उभे-आडवे रचून पायरी केलेली होती, आणि पायरीवर इवल्याशा पावलांची धूळ.

"ही वाट मात्र चांगली वापरातली दिसते," साहेब म्हणाले. "कोण वापरतं?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग खोलीत बघितलं. आबा घोरत होते. त्यांच्या शेजारी भिंगरी नव्हती. डबाही नव्हता.

त्यानंतर चौकशीच्या खिडकीवर बसणारी बाई, पर्ससकट, साडीसकट, एका झेपेत घरच्या खिडकीतून बाहेर कशी पडली, हे तिलाही नंतर सांगता आलं नाही. मागोमाग चष्मेवाले, आणि त्यांच्यामागून साहेब. अंगणाच्या पलीकडे एक ओसरी होती आणि ओसरीवर एक उघडं दार. दोघं दारात पोचले आणि खिळल्यासारखे उभे राहिले.

आत एक वर्ग होता. सतरंजीवर वीसेक मुलं आडवीतिडवी पसरली होती आणि सगळी गाढ झोपली होती. टेबलाशी बाई बसल्या होत्या, हनुवटी हातावर, त्याही झोपल्या होत्या. आणि सगळ्यांच्या मधोमध मांडी घालून भिंगरी बसली होती, मांडीत डबा. ती बटणं निवडत होती. चुळबुळ, चुळबुळ. आईबापांना बघून तिने ओठांवर बोट ठेवलं.

"शू! आत्ताच डोळा लागलाय. आबांना झोपवलं की मी इकडच्यांना झोपवायला येते. हे एकटे झोपतच नाहीत."

कुणी काही बोलायच्या आत घराच्या बाजूने कर्णकर्कश शिट्टी झाली.

झालं होतं असं, की घरातली ठोकाठोकी थांबली, माणसं खिडकीतून गेली, आणि आबा खोलीत एकटे उरले. एकटे उरले म्हणजे ड्यूटीवर आले! डोळे उघडून बघतात तर नात नाही, डबा नाही, खिडकी सताड उघडी. गोदामावरची शिट्टी अजून त्यांच्या गळ्यात असे. ती फुंकत, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात भर दुपारी पेटवलेली बॅटरी घेऊन आबा खिडकीतून उतरले आणि अंगण ओलांडून वर्गात शिरले. मुलं दचकून उठली आणि एका सुरात रडू लागली. बाई उठल्या आणि हजेरी घेऊ लागल्या. साहेब भिंतीला चिकटले. वरून वहिनी विचारत होत्या, "काय झालं? मला इथून दिसत नाही हो!"

"आबा!" भिंगरी ओरडली. "सगळ्यांना उठवलंत ना!"

आबांनी बॅटरीचा झोत नातीवर धरला. मग डब्यावर. मग हळूहळू त्यांना उमगलं, आणि त्यांनी बॅटरी विझवली.

"रोज येतेस?"

"रोज. तुम्ही घोरायला लागलात की."

आबा सतरंजीच्या कडेला बसले. मुलांचं रडणं बाईंनी कसंबसं थांबवलं होतं, त्यामुळे पुढचं सगळ्यांना ऐकू आलं. आबांनी गळ्यातली शिट्टी काढली आणि जावयापुढे धरली.

"घ्या, जावईबापू. इतकी वर्षं गोदामातली सुई हलू दिली नाही मी. आणि माझ्या उशाशी बसलेली पोर रोज खिडकीतून जाते, आणि मी झोपलेला. घाला तिला पूर्ण दिवस शाळेत. आता माझ्या भरवशावर ठेवू नका." या वेळी आवाज मोठा नव्हता. आणि म्हणूनच तो खरा होता.

बायकोने तोंडाला पदर लावला. चष्मेवाले शिट्टी हातात घेऊन उभे राहिले. मंडळी, त्यांनी आजवर गावभर प्रश्न विचारले होते. बायकोला विचारलं, शिंप्याला विचारलं, साहेबांना विचारलं. ज्याची दुपार जाणार होती त्याला तेवढं विचारायचं राहून गेलं होतं. ते खाली बसले, सासऱ्यांच्या समोर, गिऱ्हाइकासमोर बसतात तसे.

"आबा, खरं सांगा. पोर दिवसभर शाळेत, घरात एकदम शांत, तुम्ही निवांत. का पोर दुपारी घरी. हे बरं, का हे बरं?"

आबा म्हणाले, "निवांत म्हणजे काय हो, जावईबापू? पोर खोलीत नसली तर मला झोपच नाही. तिची आजी गेल्यावर बघितलंय मी ते."

"मग इतके दिवस 'घाला, घाला' का म्हणत होता?"

"जावयाच्या घरी आणखी काय म्हणायचं?"

"आणि मी तुमचे कष्ट वाचवायला काचेच्या शाळेमागे लागलो होतो," चष्मेवाले म्हणाले. "आत्तापर्यंत त्या कपाटाशी आणि कुलपाशी भांडत बसलो."

"मला विचारलं असतं तर सांगितलं असतं," बायको म्हणाली.

"विचारलं होतं! रोज विचारलं! तू म्हणालीस, खिडकी बंद आहे."

"खिडकी तर उघडीच होती," भिंगरी म्हणाली. तिला वाटलं, आपल्याला रागावतायत.

आता त्या वर्गाच्या बाई पुढे झाल्या. "ही तुमची आहे होय? मी रोज मुलं मोजते, रोज एक जास्त भरतं. मला वाटलं, माझा चष्म्याचा नंबर वाढला."

"चष्मा कुठून घेतलात?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

बाईंनी बाजाराच्या कोपऱ्यावरचं दुकान सांगितलं. चष्मेवाल्यांनी घाईने विषय बदलला. "पण ही कुठली शाळा? इथे शाळा आहे हे आम्हाला माहीतच नाही."

"पाटी रंगवायला गेलीय ती परत आली नाही. बेकरीच्या मागे असल्यामुळे लोक पाव घेऊन परत जातात. सकाळी शिकवतो, दुपारी ज्यांना न्यायचं त्यांनी न्यावं, ठेवायचं त्यांनी ठेवावं. फक्त या झोपेच्या तासाचं जमत नव्हतं. मी झोपवायला गेले की सगळी माझ्याकडे टुकूटुकू बघत बसतात. हल्ली ही चुळबुळ सुरू झाली आणि मुलं झोपायला लागली." बाईंनी जांभई दाबली. "मीसुद्धा."

साहेब भिंतीपासून सुटे झाले आणि बगलेतला नकाशा उलगडू लागले. पट्टी ठेवली, मान तिरकी केली, आणि पुन्हा च्यक् केलं. पण हे च्यक् निराळं होतं. "अंगण या शाळेच्या हद्दीत येतं. पुढचं दार उघडत नाही, मागचं दिसत नाही. ये-जा करायची चालू वाट एकच आहे, आणि ती मी स्वतः दोन पिढ्यांना वापरताना पाहिली, तिसरीची पावलं पाहिली." त्यांनी कागदावर लिहिलं: खिडकी. आणि खाली सही ठोकली.

तर अशी भिंगरी शाळेत गेली. पूर्ण दिवस की अर्धा, हे अजून कुणाला नक्की सांगता येत नाही. सकाळी ती पुढच्या दाराने जाते. कुलूप नवं बसवलं, आणि ते बसवायला माणूस बोलावला. कपाट अजून तिथेच आहे, शिंपीदादा रोज येऊन बघतात आणि उसवायचं म्हणतात. दुपारचं जेवण झालं की आबा खिडकीतून उतरतात, काठी टेकत अंगण ओलांडतात आणि वर्गाच्या कोपऱ्यात सतरंजीवर आडवे होतात. भिंगरी डबा उघडते. आधी आबा झोपतात, मग त्यांचं बघून मुलं, मग बाई. टेकडीवरच्या मुख्याध्यापिका एकदा हे बघायला आल्या होत्या. नव्या चष्म्यातून, तो चष्मेवाल्यांनी स्वतः त्यांच्या शाळेच्या पायरीवर बसून जुळवून दिला. त्याही थोडा वेळ टेकल्या, आणि त्यांना उठवायला लागलं.

आबांची शिट्टी खुंटीला आहे. जावयाने ती परत द्यायला हात पुढे केला, तेव्हा आबा म्हणाले, "राहू द्या. आता तिकडे पाळी तिची आहे."

कथा इथे थांबते. पण उठायच्या आधी एक मागणं आहे, तेवढं पदरात घाला. या सगळ्या कथेत एक बाई समोर कुठेच आली नाही. तिने एका जागणाऱ्या माणसाशेजारी वर्षानुवर्षं बसून बटणं निवडली, कधी त्याचा गवगवा केला नाही, आणि तिचा डबा मागे राहिला. तुमचा कधी दुपारी डोळा लागत असेल, शेजारच्या खोलीत कुणी हलक्या हाताने काहीतरी लावत-आवरत असेल आणि त्या आवाजाने तुमचं अंग सैल पडत असेल, तर झोपायच्या आधी क्षणभर भिंगरीच्या आजीला आठवा. मग खुशाल झोपा. पाळी कुणाची तरी चालू आहे.